‘ठणकावून सांगितलं’ इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशातल्या एका अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत जोडायला तुम्ही आजीबद्दल इंग्रजी निबंध लिहिलाय. आजी ग्रामसभेत दारूच्या दुकानाविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिली आणि शेवटी गावातल्या बायकांचं मतदान होऊन बाटली आडवी झाली. या आजीबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘शी यूज्ड टु व्होसिफरेट हर ओपिनियन्स इन द ग्रामसभा.’ शिक्षकांनी ‘व्होसिफरेट’भोवती लाल गोल काढला. शब्दकोशात तर ‘मोठ्याने, आवेशाने बोलणे’ असाच अर्थ आहे. मग चुकलं काय, आणि उघडपणे किंवा ठणकावून मत मांडण्यासाठी इंग्रजीत कोणती क्रियापदं वापरायची?

व्याकरणात फारसं काही चुकलेलं नाही. ‘व्होसिफरेट’मध्ये आवाज आहे, आवेश आहे, पण आजीबद्दलचा आदर त्यात उतरत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हातवारे करत ओरडणारी बाई उभी राहते आणि तिचं म्हणणं काय होतं ते मागे पडतं.

मी गेली २६ वर्षं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. बातम्या, अहवाल, न्यायालयात दाखल होणारे कागद, जनसुनावण्यांची इतिवृत्तं. या कामात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा अडली, ती आधी सांगते. मोठ्याने बोलणं आणि उघडपणे बोलणं मराठीत एकमेकांत मिसळून गेलंय. ‘ठणकावून सांगितलं’, ‘आवाज उठवला’, ‘गर्जून सांगितलं’, ‘छातीठोकपणे म्हणाली’ असं आपण म्हणतो तेव्हा आवाजाची पट्टी किती होती हे कुणी मोजत नाही. बोलणाऱ्याची छाती किती होती ते मोजतो. इंग्रजीने या दोघींच्या चुली वेगळ्या मांडल्यात. उघडपणाच्या क्रियापदांना तिथे मान आहे. मोठ्या आवाजाच्या क्रियापदांकडे जरा संशयानेच पाहतात.

हे मला कळलं ते चूक करून. सुरुवातीच्या वर्षांत कोकणातल्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीचा मराठी वृत्तान्त माझ्याकडे इंग्रजी करायला आला होता. त्यात वाक्य होतं, ‘जमीन देणार नाही, असं त्या वृद्धेने अधिकाऱ्यांना ठणकावून सांगितलं.’ मी लिहिलं, ‘द ओल्ड वुमन शाउटेड ॲट द ऑफिसर्स.’ अहवाल गेला. काही महिन्यांनी त्याच सुनावणीचं चित्रीकरण पाहायला मिळालं. मंडपात पंखे घरघरत होते. बाई उठल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतला, समोर धरलेला माइक हातानेच बाजूला केला आणि इतक्या हळू बोलल्या की पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्याला पुढे वाकावं लागलं. ‘सातबारा सासऱ्याच्या नावावर होता, आता माझ्या नावावर आहे. मी सही करणार नाही.’ एवढं बोलून त्या खाली बसल्या. माझ्या इंग्रजीत मात्र त्या ओरडल्या होत्या. ते वाचणाऱ्याला वाटलं असणार की सुनावणीत गोंधळ झाला. गोंधळ घालणाऱ्याचं म्हणणं बाजूला सारणं कुणालाही सोपं जातं. त्या बाईंवर माझ्या हातून अन्याय झाला, आणि तो मला आजही बोचतो.

तिथे हवं होतं ‘टोल्ड द ऑफिसर्स फ्लॅटली दॅट शी वुड नॉट साइन’. साधं ‘टेल’ आणि त्याला जोडलेलं ‘फ्लॅटली’. आपल्या ठणकावण्याला इंग्रजीत असाच जोड द्यावा लागतो: ‘सेड ब्लंटली’, ‘टोल्ड हिम इन नो अनसर्टन टर्म्स’, ‘मेड इट प्लेन दॅट’. ‘ठणकावणे’ या शब्दात ठण असा नाद ऐकू येतो खरा, पण तो खणखणीत नाण्याचा नाद आहे, घशाच्या ताणाशी त्याचा संबंध नाही. एका मराठी क्रियापदाला एकच इंग्रजी क्रियापद शोधायचा हट्ट सोडलात, तर निम्मी अडचण तिथेच संपते.

असल्या शब्दांची किंमत किती मोठी असू शकते याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून. न्यायालयापुढे होती ती त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःच स्वतःचा बचाव केला आणि त्यात ही भाषांतरं मुळाचा विपर्यास करतात हा मुद्दा लावून धरला. मराठी शब्दाचा एक रंग आणि इंग्रजी शब्दाचा दुसरा, हे ते ज्यूरीला समजावत राहिले. शिक्षा झाली ती सहा वर्षांची. भाषांतर वेगळं असतं तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणणार नाही. पण भाषांतराच्या कार्यशाळेत मी दरवेळी हा खटला सांगते.

आता मोठ्या आवाजाचं घर बघू. ‘व्होसिफरेट’ लॅटिनमधून आलंय, ‘आवाज वाहून नेणे’ असा त्याचा मूळ अर्थ. आजच्या इंग्रजीत हे क्रियापद फारसं कुणी वापरत नाही. त्याची भावंडं मात्र चांगली रुळली आहेत आणि मानानेही नांदतात. ‘शी व्होसिफरसली अपोज्ड द लायसन्स’ हे चालतं, ‘अ व्होसिफरस क्रिटिक’ही चालतं. असं का, तर तिथे मुख्य काम ‘अपोज’ करतंय आणि आवाज नुसता सोबतीला आहे. क्रियापदच आवाजाचं केलंत की आवाज हीच बातमी होते.

‘क्लॅमर’ला एकटा माणूस पुरत नाही, गर्दी लागते, आणि पुढे ‘फॉर’ लागतं: अमुक मिळावं म्हणून गलका. ‘हॅरँग’मध्ये समोर ऐकणारे अडकलेले असतात. त्याचं कर्म म्हणजे श्रोता, मत नव्हे. ‘हॅरँग्ड द क्राउड’ म्हणतात, ‘हॅरँग्ड हिज ओपिनियन’ कुणी म्हणत नाही. ‘रँट’ म्हणजे ताळतंत्र सोडून बोलत सुटणं. ‘रेल अगेन्स्ट’ आणि ‘इन्व्हे अगेन्स्ट’ यांच्यासाठी मराठीत ‘तोंडसुख घेणे’ आणि ‘आगपाखड करणे’ आहेतच. यातलं पहिलं मला फार आवडतं, कारण त्यात बोलणाऱ्याला मिळणारं सुखही नोंदलं गेलंय. ‘पॉन्टिफिकेट’मध्ये आवाज मोठा असेलच असं नाही, आपण सांगू ते ब्रह्मवाक्य असा थाट असतो. रोमन धर्मगुरूंच्या ‘पॉन्टिफेक्स’ या पदावरून तो शब्द आलाय. ‘साउंड ऑफ’ म्हणजे कुणी विचारलेलं नसताना मतं ठोकत सुटणं. अमेरिकी सैन्यात ओळीने आपापला क्रमांक ओरडून सांगायच्या हुकमालाही ‘साउंड ऑफ’च म्हणतात.

यातलं एकही क्रियापद आपण आपल्या माणसाबद्दल लावत नाही. विरोधकाबद्दल लावतो. म्हणून ही क्रियापदं वापरताना एवढं लक्षात ठेवा की त्यात लिहिणाऱ्याचं मतही आलेलं असतं. ‘ही रँटेड’ असं लिहिलंत की तुम्ही बातमी दिलीत आणि त्याच वाक्यात निकालही दिलात.

मोठ्या आवाजाला इंग्रजी नेहमीच असं तोलत आली आहे असंही नाही. १२८५च्या विंचेस्टर कायद्यात गुन्हा पाहणाऱ्याने आरडाओरड करून गाव गोळा करणं हे त्याचं कर्तव्य होतं. तिलाच ‘ह्यू अँड क्राय’ म्हणत. आज आपण भारतीय इंग्रजीत ‘डोन्ट मेक अ ह्यू अँड क्राय’ म्हणतो ते बरोबर उलट, उगाच बोंबाबोंब करू नका या अर्थाने. लंडनच्या हाइड पार्कचंही तसंच. १८६६ मध्ये मताधिकाराच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांना बागेत येऊ दिलं नाही, तेव्हा कुंपणाचे गज कोसळले. पुढे १८७२च्या कायद्याने बागेत सभा घेण्याला चौकट मिळाली आणि तिथला स्पीकर्स कॉर्नर जगभर प्रसिद्ध झाला. लाकडी खोक्यावर उभं राहून कुणीही बोलावं, ही लोकशाहीची केवढी मोठी मिळकत! पण त्याच खोक्यावरून आलेला ‘गेट ऑन वन्स सोपबॉक्स’ हा वाक्प्रचार मात्र कंटाळवाण्या उपदेशासाठी वापरतात. बोलायचा हक्क त्या भाषेने जपला आणि मोठ्याने बोलणाऱ्याला नावही ठेवलं.

उघडपणाच्या घरात पहिलं ‘व्हॉइस’. लॅटिन ‘व्होक्स’ आणि संस्कृत ‘वाच्’ एकाच मुळाचे, त्यामुळे ‘वाचा फोडणे’ आणि ‘गिव्ह व्हॉइस टु’ हे लांबचे चुलत भाऊच म्हणायचे. ‘व्हॉइस’ला आवाजाची पट्टी नसते. मनात होतं ते शब्दांत आणलं, इतकंच. मराठी माणसाची इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘शी व्हॉइस्ड दॅट...’ असं लिहिणं. ‘व्हॉइस’पुढे नाम लागतं: ‘व्हॉइस्ड हर ऑपोझिशन’, ‘व्हॉइस्ड कन्सर्न’. ‘दॅट’ हवं असेल तर ‘सेड’, ‘डिक्लेअर्ड’, ‘अर्ग्यूड’ यांच्याकडे जा. ‘व्हॉइस आउट’ही टाळा, त्यातलं ‘आउट’ ‘स्पीक आउट’मधून चुकून आलंय.

‘एअर’चं रूप तर अगदी घरातलं आहे. पेटीतले कपडे वाऱ्यावर टाकावेत तसं कोंडलेलं बाहेर काढणं. म्हणून ते तक्रारींना, गाऱ्हाण्यांना, मतांना शोभतं, ‘एअर्ड देअर ग्रीव्हन्सेस’. ‘व्हेंट’ त्याच्या शेजारचं, पण त्यात वाफ आहे. राग, वैताग, संताप ‘व्हेंट’ होतो. विचारपूर्वक बनवलेलं मत ‘व्हेंट’ करू नये, ते उगाच रागाच्या पंगतीला जाऊन बसतं.

‘डिक्लेअर’ म्हणजे स्पष्ट करणं, संशयाला जागा न ठेवता. ‘प्रोक्लेम’ला अधिकार किंवा निदान सोहळा लागतो. १८५८चा राणीचा जाहीरनामा हे ‘प्रोक्लमेशन’ होतं, ग्रामसभेतलं भाषण सहसा नसतं. ‘प्रोफेस’ जपून वापरा. मुळात ते जाहीरपणे मान्य करणं, ‘प्रोफेसर’ त्यातूनच आला. पण आज ‘ही प्रोफेस्ड टु नो नथिंग’ याचा अर्थ ‘आपल्याला काही माहीत नाही असं तो म्हणे’ असा लागतो, म्हणजे लिहिणाऱ्याचा विश्वास बसलेला नाही. ‘अवाउ’ क्रियापद म्हणून जवळजवळ निवृत्त झालंय, ‘अवाउड’ हे विशेषण तेवढं कामावर आहे.

आणि आता ती जोडी, जिच्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो: ‘स्पीक अप’ आणि ‘स्पीक आउट’. ‘स्पीक अप’चे अर्थ दोन. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं ‘स्पीक अप’, तर आवाज वाढवा. ‘शी स्पोक अप फॉर द विडोज’ असं असेल, तर गप्प बसणं सोयीचं असताना ती त्यांच्या बाजूने बोलली. ‘स्पीक आउट’मध्ये आवाज वाढवण्याचा अर्थ येत नाही, तिथे धोका असतो. समोर सत्ता असते, बोलण्याची किंमत मोजावी लागण्याची शक्यता असते, आणि बहुधा पुढे ‘अगेन्स्ट’ येतं.

‘स्पीक आउट’ शिकवताना मी १९७५चं कराडचं साहित्य संमेलन सांगते. आणीबाणी सुरू होती. संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष त्या वेळचे केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं आणि लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांचा निषेध केला. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. याचं इंग्रजी करताना ‘शाउटेड’, ‘रेल्ड’, ‘व्होसिफरेटेड’ यांपैकी काही लिहून पाहा. सगळं खोटं पडतं. ‘शी स्पोक आउट अगेन्स्ट द इमर्जन्सी’ एवढं लिहा, बस्स. प्रार्थनेच्या आवाहनाला आवाज कशाला चढवायचा? सत्तेतला माणूस त्याच मंचावर बसलेला असताना ते केलं, ते सगळं वजन त्या ‘आउट’मध्ये येतं.

निषेधाची क्रियापदं पटकन सांगते. ‘डिनाउन्स’ माणसाचाही करता येतो आणि कृत्याचाही, आणि तो जाहीरच असतो. घरात बसून कुणी ‘डिनाउन्स’ करत नाही. ‘डिक्राय’ सहसा गोष्टीचा, धोरणाचा, प्रथेचा. या शब्दाची जन्मकथा मला फार आवडते: सतराव्या शतकात राजाच्या फर्मानाने नाण्याची किंमत जाहीरपणे उतरवणं म्हणजे ‘डिक्राय’. आजही एखाद्या प्रथेला ‘डिक्राय’ केलं की तिचा भाव चारचौघांत उतरवल्याचा भास होतो. ‘कॉल आउट’ हे हल्लीच्या अर्थाने चुकीचं वागणाऱ्याला सर्वांदेखत हटकणं. बोलण्यात छान, पण औपचारिक निबंधात जरा सैल वाटतं.

मराठीतून विचार करताना पाय घसरतो अशा दोन-तीन जागा आहेत. ‘आवाज उठवला’चं आपण डोळे मिटून ‘रेज्ड हर व्हॉइस’ करतो. ‘अगेन्स्ट’ जोडलं तर अर्थ पोचतो, भारतीय वाचकाला तर नक्कीच. पण नुसतं ‘शी रेज्ड हर व्हॉइस’ लिहिलंत, तर इंग्रजी घरात वाढलेल्या वाचकाला ती चिडून, चढ्या आवाजात बोलली असंच वाटेल. तिथे आईबाप मुलांना ‘डोन्ट रेज युअर व्हॉइस’ म्हणून दटावतात. दुसरी जागा ‘ओपाइन’. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत जो तो ‘ओपाइन’ करत असतो. बाहेरच्या वाचकाला त्यात थोडा आव दिसतो, म्हणून ‘सेड’ किंवा ‘थॉट’ बरं. तिसरी, ‘माझ्या मते’चं ‘अकॉर्डिंग टु मी’. ‘अकॉर्डिंग टु’ दुसऱ्याचा हवाला देताना येतं, स्वतःसाठी ‘आय थिंक’ किंवा ‘इन माय व्ह्यू’ लिहावं.

मथळ्यांवरून तर अजिबात शिकू नका. ‘स्लॅम्स’, ‘ब्लास्ट्स’, आणि आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांचं लाडकं ‘फ्लेज’ हे शब्द तिथे आहेत ते स्तंभाची रुंदी कमी म्हणून. ‘फ्ले’ म्हणजे कातडी सोलणे! मराठी मथळ्यांत ‘झोडपले’, ‘फटकारले’, ‘तोफ डागली’ असतं, त्याच जातीचं हे. आजीने सरपंचाची कातडी सोलली असं निबंधात यायला नको.

मघाशी सुटलेलं एक क्रियापद: ‘डिसेंट’. जाहीर, नोंदवलेलं आणि पूर्णपणे शांत. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी वेगळं मत दिलं. आणीबाणीतही माणसाला बेकायदा डांबता येणार नाही, असं ते मत होतं. इंग्रजीत ते ‘ही डिसेंटेड’ या दोन शब्दांत मावतं. पुढे जोडायचं झालं तर ‘फ्रॉम’: ‘डिसेंटेड फ्रॉम द मेजॉरिटी’. ग्रामसभेच्या ठरावावर तुमच्या आजीने कधी एकटीने विरोधी मत नोंदवायला लावलं असेल, इतिवृत्तात तशी नोंद असेल, तर हे क्रियापद तिच्याबद्दलही हक्काने वापरा.

आता तुमचं वाक्य. आजी दरवेळी उठून बोलायची, बाकीच्या बायका गप्प असताना बोलायची, असं असेल तर ‘शी स्पोक अप ॲट एव्हरी ग्रामसभा’ घ्या. दुकान चालवणाऱ्यांचा गावात दबदबा होता, घरच्यांना त्रास होईल अशी भीती होती आणि तरी ती बोलली, तर ‘शी स्पोक आउट अगेन्स्ट द लिकर शॉप’. अनेक बायकांचं मनातलं तिने शब्दांत मांडलं असेल, तर ‘शी व्हॉइस्ड व्हॉट द अदर विमेन वुड नॉट से अलाउड’. आणि खरंच तिचा आवाज पहाडी असेल, चावडीवरून वेशीपर्यंत ऐकू जात असेल, तर तो लपवू नका, फक्त क्रियापदात कोंबू नका. त्याला वेगळं वाक्य द्या: ‘हर व्हॉइस कॅरिड टु द एज ऑफ द व्हिलेज.’ ‘कॅरी’मध्ये आवाज लांब जातो, पण ओरडण्याचा ठपका येत नाही.

यातलं कोणतं खरं, ते मला इथून सांगता येणार नाही. आजी असेल तर तिलाच विचारा, नसेल तर त्या सभांना तिच्या शेजारी बसलेल्या एखाद्या काकूंना. ती उभी राहून बोलायची की बसूनच? सरपंचाकडे बघून की बायकांकडे? पहिल्यांदा बोलली तेव्हा आवाज कापत होता का? उत्तर मिळालं की वाक्य पुन्हा लिहा आणि मला पाठवा, मी नक्की वाचेन.